तहानलेली भिंत

आज मी आमच्या भिंतीला पाणी पिताना पाहिलं! अगदी खरं सांगते. पुढच्या महिन्यात नवी सून घरात येणार, म्हणून मागच्या खोलीला नवा गिलावा करायला काढलाय. गवंडी रफिकभाईंनी पोपडे आलेला जुना गिलावा खरवडून विटा उघड्या केल्या, सांध्यांतली माती झाडली आणि पाइप माझ्या हातात दिला. "मारा पाणी, वहिनी."

मी मारलं, तर खाली ओघळायच्या आत ते भिंतीत गडप! कान लावला तर आतून चुर्र असा बारीक आवाज. एवढी तहान? मग मी वेड्यासारखी मारतच सुटले. साडी भिजली, हसू आवरेना.

"भरपूर पाजा," रफिकभाई म्हणाले, "नाहीतर कोरडी भिंत नव्या गिलाव्यातलं पाणी ओढून घेते. मग तो धरत नाही, सुटून येतो."

माझं हसू थांबलं. हे गेल्यापासून मुलगा दिवसभर कामावर आणि घरात मी एकटी. सून आली की तिच्याशीच दिवसभर बोलेन, तिलाच घेऊन बाजारात जाईन, नाटकाला जाईन, असे किती बेत मनात रचून ठेवले होते मी! बिचारी पोर!

भिंत आता गडद लाल झाली होती, पाणी नुसतं ओघळत होतं. मी पाइप ठेवला, ओल्या साडीनिशीच कुंपणापाशी धावले आणि शेजारच्या विमलताईंना हाक मारली, "अहो, आज नाटकाला येता का माझ्याबरोबर?"