मोजून न दिलेली अंडी

एस्तेरमावशी इस्रायलात वारल्याचं तिच्या भाच्यानं पनवेलच्या बाजारात भाजी घेता घेता सांगितलं, तेव्हा मी त्यालाच उलट विचारलं, "तुला कुणी सांगितलं? नक्की तीच ना?" संशय घ्यायला मला तिनंच शिकवलं होतं...

आमची पडवी एकच, मधे कूड. मावशी प्रत्येक अंडं आधी वेगळ्या वाटीत फोडून रक्ताचा ठिपका नाही ना, ते बघायची. तिच्या धर्माचा तो नियम. पण दूधवाला, नवरा, मी, सगळ्यांनाच ती तसं पारखायची. गोदीतल्या भावानं तिला एका बोटीवरून परदेशी कोंबडा आणि दोन कोंबड्या आणून दिल्या. अंडी जुन्या गुळासारखी काळपट. तो वाण वाढवायचा तिनं ध्यासच घेतला. पण त्या कोंबड्या काही खुडूक होऊन उबवायला बसेनात. शेवटी अंडी माझ्या गावठी कोंबडीखाली ठेवली, म्हणजे माझ्या घरात. तिथंच घोडं अडलं.

साधं अंडं कंदिलासमोर धरलं की आत जीव धरलाय का ते कळतं. या काळ्या कवचातून उजेडच जाईना. मावशीनं प्रत्येक अंड्याला चुन्याचा ठिपका लावला. सारखी यायची, कोंबडीला उठवायची, एकेक अंडं हातात घेऊन बघायची. "बदललं नाहीस ना गं?" मला इतका राग यायचा, की टोपली तिच्या दारात नेऊन आपटावी. एकही पिल्लू निघालं नाही. तिनं एक अंडं वाटीत फोडलं, तर आत पिसं फुटलेलं पिल्लू, मेलेलं.

"तुझ्याच कोंबडीत खोट."

"मावशी, खोट तुझ्या हातात. सारखी उठवलीस, अंडी गार पडली."

मग कित्येक दिवस आमचं बोलणं बंद होतं.

पुढं तो कोंबडा मेला. त्याच्या वाणाची तेवढी शेवटची अंडी उरली. मावशी टोपली घेऊन आली, "बसव" म्हणाली आणि उंबऱ्यावरूनच परत फिरली. रोज कुडापलीकडून विचारायची, "आहेत का गं?" "आहेत." मला वाटायचं, ही फटीतून बघत असणार. एकदा मीच फटीतून बघितलं. ती कुडाकडे पाठ करून, दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली होती. मला रडूच आलं. त्या खेपेला पिल्लं निघाली.

देश सोडताना तिनं काळ्या अंड्यांची टोपली माझ्या हातात दिली. "किती आहेत?" मी विचारलं.

"मोजली नाहीत," ती म्हणाली.

टोपली अजून खुंटीला आहे. सध्या घरात कोंबडी बसलीय, खाली त्याच वाणाची काळी अंडी. उचलून बघायला हात शिवशिवतात... मग मी कुडापलीकडे जाते, मावशी बसायची तिथं, आणि हात मांडीखाली घेऊन बसते.