रायटरचे मार्क

संघदीपची नजर नवव्या वर्षी गेली. कान मात्र असे तयार झाले की, सडक अर्जुनीच्या हायवेवरून गेलेला ट्रक भरलेला होता की रिकामा, हे तो घरात बसून सांगायचा. लोक कौतुक करायचे. कौतुक करता करता त्याच्या ताटातला भात कालवून द्यायचे, त्याच्या वतीने बोलायचे आणि दहावीत तर त्याच्या वतीने पेपर लिहूनही मोकळे झाले. शाळेने दिलेला रायटर, म्हणजे लेखनिक, हुशार निघाला. संघदीप अर्धं सांगायचा, तो पूर्ण लिहायचा. एकाहत्तर टक्के पडले! पेढा तोंडात टाकत शेजारचे चुन्नीलाल म्हणाले, "हे तं रायटरचे मार्क होत, बापा." आई कलाबाई चिडली. संघदीपला मात्र चिडता येईना, कारण त्यातले आपले किती, हे त्यालाही माहीत नव्हतं.

पुढे गोंदियाच्या कॉलेजात आल्यावर त्याने मोबाइलकडून वाचून घेऊन परीक्षेचे नियम पाठ केले. तासाला वीस मिनिटं जास्त. रायटर आपण निवडायचा. हे दोन्ही हक्क मिळवायला ऑफिसात बरंच भांडावं लागलं. रायटरने सांगितलं तेवढंच लिहायचं, हाही नियमच होता; पण तो पाळला जातोय का, हे आंधळ्या माणसाने कसं बघायचं? म्हणून त्याने मोनालीला शोधून काढलं होतं. ती मुकाट्याने लिहायची.

बी.ए.च्या शेवटच्या पेपरला नेमकी मोनाली तापाने पडली. ऑफिसने ऐन वेळी पहिल्या वर्षाची रुची बसवली. पेपर राज्यशास्त्राचा, आणि बी.एड.चा प्रवेश या निकालावर अडकलेला. रुचीचा आवाज गोड होता. तिला आपली दया येतेय, हे त्याला पहिल्याच वाक्यात कळलं.

राज्यसभेवरची टीप आली. सुरुवातीलाच त्याने सांगितलं, "सदस्याची मुदत पाच वर्षांची असते," आणि तो थांबला. पेन थांबलं नाही. चालतच राहिलं.

"काय लिहून राहिली तू?"

"तुम्ही बोलले तेच, भैया."

"वाच."

तिने त्याचंच वाक्य वाचलं. एक ओळ.

सुपरवायझरांची पावलं दाराशी वाजत होती. आवाज चढवला तर दोघांवरही कॉपी केस, वर्ष गेलं. गप्प बसलं तर कोणाला काही कळणार नव्हतं.

"मी एक ओळ सांगितली," तो हळूच म्हणाला. "तू चार लिहिल्या. काऊन?"

रुचीला रडू फुटलं. "सहा वर्षं असते ना भैया. माझं पाठ आहे. एवढ्याशा चुकीसाठी तुमचे मार्क्स कशाला जायचे?"

झालं! आता तर त्यालाही खरं उत्तर कळलं. सहा. जिभेवर आलंही ते. नुसती मान डोलवली असती तरी भागलं असतं, आणि मान डोलवावी असं त्याला फार वाटलं. आई, बी.एड., शाळेतली नोकरी, सगळं एकदम डोक्यात आलं.

"काट ते," तो म्हणाला. "पाच लिही."

"पर भैया, वो गलत है!"

"गलत आहे, माहीत आहे मले. पन मले तेच येत होतं. तुले येते ते तुह्या पेपरात लिही."

तिने नाक ओढलं, ओळी खोडल्या, पाच लिहिलं आणि रडक्या आवाजात वाचून दाखवलं. नापास झालो तर घरी काय तोंड दाखवायचं, हे संघदीपला सुचत नव्हतं.

"आता जेवढे पडतीन तेवढे माझेच," तो म्हणाला. "पुढचा प्रश्न वाच."