काळा दोरा

आमच्या शाळेच्या टिपरी मंडळाची मी पुढारी होते. बारा मुली, चोवीस टिपऱ्या आणि माझा आवाज. अमरावतीच्या त्या शाळेत पेटी वाजवणाऱ्या बाईंपेक्षा मुली मलाच जास्त घाबरत. "गाण्याकडे नाही, माझ्याकडे बघा. मी वळेन तिकडे वळा," असं मी दरडावून सांगायची. आणि उजवं कुठलं, डावं कुठलं, हे मलाच कळत नव्हतं.

हसू नका. मी जन्माची डावखुरी. वडील भिक्षुकी करत, त्यामुळे पोरीनं डाव्या हातानं घास उचलला की घरात सगळ्यांची तोंडं उतरायची. मी जेवताना आत्या माझा डावा हात फडक्यानं कमरेशी बांधून ठेवायची. वर्षभरात हात सुधारला, पण डोक्यात जो घोळ झाला तो कायमचा. कुणी "उजवीकडे वळ" म्हटलं की मी आधी दुसऱ्या कुणी वळायची वाट बघायची. म्हणून मी उजव्या मनगटावर काळा दोरा बांधला होता. दोरा दिसेल ते उजवं. कुणी विचारलंच, तर "मला दृष्ट लागते" असं ऐटीत सांगायची. झाकली मूठ सव्वा लाखाची.

मंडळात नांदगाव पेठेकडच्या एका शेतकऱ्याची मुलगी होती, मामाकडे राहून शिकायची. औताला उजवा बैल कोणता, डावा कोणता, हे तिला चालायला लागल्यापासून ठाऊक असणार. तिचं पाऊल कधी चुकत नसे. ती माझ्याकडे न बघताच नाचायची, आणि खरं सांगायचं तर ते मला खुपायचं.

त्या वर्षी अकोल्याला शाळांच्या स्पर्धा होत्या. पडदा उघडायच्या आधी बाई आमच्या दोन्ही मनगटांवर शेवंतीचे गजरे बांधत होत्या. माझा दोरा पाहून त्या म्हणाल्या, "हे काय मध्येच?" आणि मी तोंड उघडायच्या आत त्यांनी तो कात्रीनं कापून टाकला.

पहिलं कडवं नीट झालं. मग उजवीकडे वळायची वेळ आली. मी एका मनगटाकडे पाहिलं, तिथे शेवंती. दुसऱ्याकडे पाहिलं, तिथेही शेवंतीच. मी वळले, कुठे ते देवाला ठाऊक. दहा जणी माझ्यामागोमाग वळल्या. ती शेतकऱ्याची पोर एकटी उलट वळली. तिची टिपरी शेजारणीच्या बोटांवर बसली, हातातून निसटली आणि गडगडत परीक्षकांच्या टेबलाखाली गेली. लोक खो खो हसले. आमचा नंबर गेला.

परतीच्या एसटीत बाईंनी तिला धारेवर धरलं. त्या वेळी बाईंची मान पेटीत होती, त्यांनी आधीचं काही पाहिलंच नव्हतं. अकरा जणी एकीकडे आणि ही एकटी दुसरीकडे, त्यांना आणखी काय पुरावा हवा?

"अगं, एवढी घोडी झालीस, उजवं-डावं कळत नाही तुला?"

ज्या वाक्याला मी इतकी वर्षं भीत आले होते, ते माझ्या डोळ्यांदेखत दुसरीच ऐकून घेत होती. पण चुकलं कोण? शपथेवर सांगते, तोवर मला ते माहीत नव्हतं. मूर्तिजापूरच्या स्टँडवर मी गजरे सोडले. एका मनगटावर दोऱ्याची पांढुरकी खूण होती. ती बघत मी बसल्या जागी पुन्हा हळूच वळून पाहिलं आणि कळलं, स्टेजवर मी डावीकडे वळले होते.

तेवढ्यात ती माझ्या बाकाशी आली. रडून रडून तिचे डोळे सुजले होते.

"मी तं उजवीकडंच वळली होती न वं? तू पुढं होती. तूच सांग."

मी नाचाच्या साडीच्या पदरानं मनगट झाकलं. "नाही गं. तू डावीकडे वळलीस."

असं का म्हणाले, ते मला अजूनही नीट सांगता येत नाही. तिनं दोन्ही हात समोर धरले आणि कधी या, कधी त्या हाताकडे बघत राहिली. "मले तं काही समजूनच नाई राह्यलं," ती म्हणाली.

रविवार माझा फार वाईट गेला. सोमवारी तिला सगळं सांगून टाकायचं, असं ठरवून मी तालमीला गेले. ती आधीच येऊन उभी होती. तिच्या उजव्या मनगटावर नवा काळा दोरा होता.

"दृष्टीचा का गं?" मी विचारलं.

"नाई वं. उजवा हात याद राह्यला पाह्यजे म्हून. मायापायी पुन्हा नंबर नाई गेला पाह्यजे."

बाईंनी पेटीवर सूर धरला. मी सगळ्यांच्या पुढे जाऊन उभी राहिले आणि सवयीनं म्हणाले, "माझ्याकडे बघा." सगळ्या माझ्याकडे बघू लागल्या. ती मनगटाकडे बघत होती.