आधी डाळ शिजवून बघा

ट्रक सुरू झाला तवा हौसाच्या मांडीवर कळशी होती. पोरगं माझ्या खांद्यावर, शेळी पायात, पुढच्या ट्रकात गुलालानं माखलेली गावदेवी वाघजाई, आणि माझी बायको झऱ्याच्या पाण्यानं भरलेली कळशी पोटाशी धरून बसलेली. थोरला दादा खालनं ओरडला, "आरं, तिला सांग, वाटंत सांडंल. तिकडं इहिरी हायत्या!" हौसा थोरल्या दिरापुढं कधी तोंड वर करून बोलली नाही. माझ्याकडंच बघून, पण त्याला ऐकू जाईल असं म्हणाली, "इहिरी हायत्या. पाणी कसं हाय, ते कोण बोलंना."

मेढ्याच्या वरच्या अंगाला आमचं गाव. ते धरणात गेलं. बहात्तरचा दुष्काळ सरून थोडी वर्षं झाली होती. जे वर डोंगरात राहिले आणि जे आमच्यासंगं खाली आले, त्या दोघांनाही मी हे लिहितोय. शाळा माझी चौथीपर्यंत, गोड लिहायला जमत नाही. हौसाच्या तेराव्याला भावकीतला एक जण उठला आणि म्हणाला, आपल्या मोठ्यांनी लय विचार करून ही जागा निवडली. पंगत बसली होती म्हणून मी गप्प राहिलो. आता राहत नाही.

कसला विचार, रं? आम्ही बाप्ये जमीन बघायला कवठे महांकाळच्या बाजूला आलो ते ऐन श्रावणात. बाजरी हिरवीगार. श्रावणात माळसुद्धा हिरवा दिसतो, हे डोंगरातल्या माणसाला काय ठाऊक? तिथल्या लोकांनी घोंगडं अंथरलं, गुळाचे खडे पुढं केले, वर तांब्या दिला. गूळ खाऊन आम्ही घटाघटा पाणी प्यायलो. गोड लागलं. गुळावर कुठलंही पाणी गोडच लागणार की! एकाच्याही टाळक्यात ते आलं नाही.

घरातनं निघताना हौसा म्हणाली होती, "आवं, तिथलं तांब्याभर पाणी आणा. मी त्यात डाळ शिजवून बघते." मी तिथं ते बोललो, तर दादा मांडी थोपटून हसला. "लेका, गाव कुठं वसवायचं ते आता बायकूची डाळ सांगणार व्हय?" चुलतभाऊ म्हणाला, "गड्या, समदी जातील तिकडं जायाचं. एकट्यानं शाणं हून काय करायचं?"

तांब्या न भरताच गावी परतलो आणि वाघजाईला कौल लावला. गुरवानं देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओली फुलं चिकटवली. उजवं आधी पडलं. देवीचा होकार! नारळ फुटला.

घरी आलो तर हौसा म्हणाली, "देवीला काय इचारलं?"

"जाऊ का, म्हणून."

"पाण्याचं इचारलं का?"

"न्हाई."

"मग ती बिचारी तरी काय सांगंल?"

तिचा देवीवर राग नव्हता. तिचं म्हणणं एवढंच, की देवीला विचारा, चार माणसांना विचारा, पण आधी उन्हाळ्यात जाऊन बघा, पाणी चाखा, आणि तिथं डोक्यावरनं पाणी आणणाऱ्या बायांशी बोला. बायांशी कोण बोलतंय?

नव्या घरी कळशी लगेच संपली. मग विहिरीचं आणलं. मचूळ. तूरडाळ चुलीवर चढवली, सरपण संपलं तरी दाणा टणकच. दादा ताटावरनं ओरडला, "डाळ कच्ची ऱ्हायली की!" हौसा माझ्याकडं बघून म्हणाली, "थोरल्या भावजींना म्हणावं, कौल लावा."

त्या दिवशी मी हसलो होतो. आता हसू येत नाही. तेच पाणी तिनं जन्मभर डोक्यावर वाहिलं आणि तेच प्यायली. शेवटाला डॉक्टर म्हणाला, किडनी. पाण्यानं झालं का, म्हटलं, तर तो सांगंना. मी सांगतो. पाण्यानं झालं. आणि तुम्ही तेराव्याला उठून विचाराच्या गोष्टी करताय?

आता पोरगं पुण्यात आहे. त्यानं आणि पुतण्यांनी मोबाईलवर बोलून ठरवलं, म्हाताऱ्याला फ्लॅटवर आणायचं. पुन्हा तेच! ज्यानं जायचं त्यालाच विचारायचं नाही. मी पोराला म्हटलं, "तुझ्या नळाचं पाणी बाटलीत भरून आण. मग बोलू."

त्यानं आणलं. बापाचं डोकं फिरलं असं त्याला वाटलं असेल, पण आणलं. हौसाच्या पातेल्यात मी तूरडाळ टाकली आणि चुलीपुढं बसून राहिलो. शिजू नये असं लय वाटत होतं. ही चूल, ती बसायची ती जागा, हे सोडून कुठं जाऊ? पण शिजली. लोण्यासारखी झाली. ती असती तर बोट चाटून म्हणाली असती, "बांधा सामान."

म्हणून जातोय. तिच्या रीतीनं ठरलेलं आमच्या घरातलं हे पहिलंच. डोंगरातलं घर पाण्याखाली गेलं, इथलं ती गेली तवाच गेलं. आता जिथं ते पातेलं चुलीवर चढंल ते घर.

निरोप द्यायला यायचं तर या. पण गूळ आणू नका. नुसतं पाणी प्या माझ्यासंगं, या विहिरीचं, आणि मग माझ्या तोंडाकडं बघून सांगा, कसं लागलं.