न वाजलेला सुरुंग

लग्नानंतर मी घरजावई झालो आणि सासूच्या हाताखाली विहिरी खणायला लागलो, हे मी आमच्या गावात कुणाला धड सांगितलं नाही. आता सांगायला हरकत नाही. हसणारे बहुतेक सगळे माझ्या आधीच गेलेत.

निजामाच्या अमलातली गोष्ट. धर्मापुरीच्या आसपासचा काळा दगड इतका कडक, की पहार मारली तर पहारच दमायची. तिथं विहीर काढायची म्हणजे सुरुंगाशिवाय गत नव्हती, आणि आमच्या टोळीत सुरुंग लावायची माझी सासू. बाईमाणूस सुरुंग लावतं म्हटल्यावर लोक आधी हसायचे, मग लांब जाऊन उभे राहायचे. मी तिला मामी म्हणायचो. ती मला जावईबापू म्हणायची, पण त्या ‘बापू’त इतका खवचटपणा असायचा की त्यापेक्षा शिवी परवडली असती.

सासरे मी पाहिलेच नाहीत. सुरुंग उडाल्यावर विहिरीतला धूर बसायच्या आत ते खाली उतरले आणि तिथंच घुसमटून गेले. “कशानं गेले?” असं कुणी विचारलं तर मामी सांगायची, “घाईनं.” दुसरं कुणी पटकीनं किंवा तापानं म्हणेल, तितक्या सहज. त्यांचे दिवस झाल्यावर तिनं त्यांची पहार, सुरुंगाच्या दारूचा डबा आणि टोळी ताब्यात घेतली आणि दहा-बारा गड्यांवर जरब बसवली.

तिचे नियम म्हणजे आम्हाला जाच वाटायचा. सुरुंग उडाला की पेटता कंदील दोरीनं विहिरीत सोडायचा. तो विझला तर कुणी खाली पाय ठेवायचा नाही. भोकात दारू ठासायची ती लाकडी दांड्यानंच, लोखंड जवळ आणायचं नाही. जितकी भोकं पेटवली तितके आवाज मोजायचे, आणि एक जरी कमी भरला तर दुसऱ्या दिवसापर्यंत विहिरीकडं फिरकायचं नाही. उन्हाळ्यात तांबडं फुटताना कामाला लागायचं, ऊन डोक्यावर आलं की बंद, ते सावल्या लांबेपर्यंत. डोक्याला ओलं फडकं हवं. आणि तिनं हाक मारली की तहान असो नसो, येऊन आंबील प्यायची. मिशीवाले बाप्ये हातात मातीचा मोगा धरून रांगेत उभे, आणि ही समोर उभी राहून घोट मोजतेय! मी तर दोन वर्षं तालमीत घुमलेला गडी. मला त्या रांगेत उभं राहायची भारी लाज वाटायची. तिची पाठ वळली की मी आंबील दगडावर ओतून टाकायचो.

त्या वैशाखात आम्ही एका बड्या जमीनदाराची नवी विहीर खणत होतो. त्याला सगळे मालक म्हणायचे, तोही स्वतःला तेच समजायचा. कामाला महिना झाला आणि बातमी आली, की तालुकदारसाहेब, म्हणजे निजामाचे मोठे अंमलदार, अंबाजोगाईहून दौऱ्यावर निघणार आणि मालकाच्या मळ्यात त्यांचा तंबू पडणार. झालं, मालकाच्या अंगात आलं. नव्या विहिरीचं पाणी साहेबांना चांदीच्या पेल्यातून पाजायचं, असं त्यानं परस्पर ठरवून टाकलं. विहिरीला मात्र हे अजून कुणी कळवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही लिंबाखाली भाकरी खाऊन आडवे झालो होतो, तर मालक छत्री धरून आला.

“काहून पडले बे सगळे? काम कोन करील?”

मामी उठली, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाली, “मालक, आता खाली दगड तव्यावानी तापलाय. उनं कलली की उतरतोत.”

“साहेब काय उनं कलायची वाट बघत बसतेत का?”

“साहेबाला खाली उतरायचं न्हाई. माझ्या मानसाला उतरायचंय.”

मालकाला तिच्याशी बोलणं परवडेना. त्यानं नजर फिरवली, ती नेमकी माझ्यावर येऊन थांबली.

“काय बे पैलवान, गडी हाईस का सासूच्या पदराला बांधलेली किल्ली?”

एवढं पुरे झालं. मी उठलो, फडकं फेकून दिलं, पहार उचलली. टोळीतच दगड उपसायला असलेली बायको म्हणाली, “आवं, जाऊ नका.” त्यामुळं तर जाणं भागच पडलं. टोळीतल्याच मेव्हण्यानं नाइलाजानं मला पाटीत बसवून यारीवरून खाली सोडलं. यारी म्हणजे विहिरीच्या काठावर उभारलेला लाकडी सांगाडा. दगडांनी भरलेली मोठी पाटी तिच्या दोरावर वर-खाली जायची.

खाली वाऱ्याचा मागमूस नव्हता. चहूबाजूंचा दगड भट्टीसारखा फुंकत होता. पहिल्या घटकेला मी असे घाव घातले की वरून मालक “शाब्बास!” म्हणाला. नंतर घाम यायचा थांबला. मला वाटलं, वा, शरीर सरावलं. मग डोकं ठणकायला लागलं आणि समोरच्या दगडात मला तालमीतले वस्ताद दिसायला लागले. वर असलेले सांगतात, की मी पहारीला “रामराम वस्ताद” म्हणालो, तिच्या पाया पडलो आणि तिथंच आडवा झालो.

मेव्हणा उतरला आणि त्यानं मला दगडाच्या पाटीत घालून वर पाठवलं. बायकोनं आणि बाकीच्यांनी दोर ओढला. मामीनं मला लिंबाच्या सावलीत टाकलं आणि माझे कपडे उतरवायचा हुकूम सोडला. आरडाओरडा ऐकून अर्धं गाव जमलं होतं, बायकांसकट. मी लंगोटीवर पडलेलो, आणि सासू माझ्या मानेवर, काखेत, जांघेत ओली फडकी ठेवून सुपानं वारा घालतेय! शुद्धीवर आलो तेव्हा पहिल्यांदा असं वाटलं, की पुन्हा बेशुद्ध व्हावं.

“पानी एकदम देऊ नगं,” ती बायकोला सांगत होती. “मीठ-गूळ घालून घोट घोट दे.” मग माझ्याकडं बघून म्हणाली, “जावईबापू, दगडाला आंबील पाजली की असं व्हतंय.”

म्हणजे तिला ते पहिल्यापासून माहीत होतं.

दोन दिवस मी सावलीत पडून होतो. तिसऱ्या दिवशी सकाळी मामी कासोटा खोचून स्वतः खाली गेली, तिनं तीन भोकं भरली, वाती पेटवल्या आणि पाटीत बसून वर आली. आम्ही सगळे बांधाच्या आड दडून बसलो. मालकही आमच्या रांगेत होता, कानांत बोटं घालून. एक दणका झाला. लगोलग दुसरा. दगड उडाले, धुरळा आला, आणि मग सगळं गप्प झालं.

आम्ही वाट पाहिली. मालक उठला, धोतर झटकलं. “झालं! चला बे, उतरा. साहेब उद्या येतेत.”

“दोनच वाजले,” मामी म्हणाली.

“तीन वाजले. दोन एकदम वाजले.”

“दोन.”

मालकानं आम्हाला विचारलं. मेव्हण्यानं डोकं खाजवलं. एक जण म्हणाला दोन, एक जण म्हणाला तीन, एक जण म्हणाला त्यानं कान झाकून घेतले होते. मग मी छाती पुढं काढली. लंगोटीचा डाग मला धुवायचा होता.

“तीन वाजले. म्या सोता ऐकले.”

खरं सांगतो, मी काहीच मोजलं नव्हतं.

मामीनं माझ्याकडं नुसतं पाहिलं.

मालकाला आता चेव आला. “तुमचा जावईच सांगतोय. अन् तुमाला भ्या वाटत आसंल तर मी उतरतो. आमच्या बापजाद्यांची जिमीन हाय, मला कसलं भ्या?” असं म्हणून तो खरोखरच फेटा घट्ट करून पाटीत जाऊन बसला. गावकऱ्यांसमोर आता त्याला मागं फिरता येईना. “सोडा खाली!” तो ओरडला.

कुणी हललं नाही. मालकाचा हुकूम मोडायची कुणाची टाप नव्हती, आणि मामीचा मोडायची तर त्याहून नव्हती. तेवढ्यात मामी सावकाश चालत यारीपाशी गेली आणि दोराचं वेटोळं पडलं होतं त्याच्यावर बसली. नीट मांडी घालून. कमरेची चंची काढली आणि तंबाखू मळायला लागली.

“उठा बाई,” मालक पाटीतून म्हणाला.

“न्हाई.”

“मी तहसिलीत तक्रार करीन.”

“करा. पर चालत जावा. पाटीत बसून तहसिलीत पोचत न्हाईत.”

लोक हसले. मालकाचं तोंड लाल झालं. परक्या बाईला हात धरून उठवणार कोण? त्यानं आपल्या गड्यांना खुणावलं, ते आभाळाकडं पाहायला लागले. त्यानं माझ्या बायकोला सांगितलं, “तुझ्या आईला उठीव.” ती म्हणाली, “मालक, लहानपणापासून बघतेय, ती मला उठीवती.”

तासभर हा तमाशा चालला. मालक पाटीत, मामी दोरावर, आणि ऊन चढत चाललेलं. शेवटी मालकालाच ऊन सोसेना. तो उतरला आणि कुणाकडं न बघता घरी गेला. विहिरीभोवती मामीनं बाभळीच्या काटेरी फांद्या टाकून वाट बंद केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आणि मेव्हणा खाली उतरले. आम्ही वरून वाकून बघत होतो. कोपऱ्यातलं एक भोक जसंच्या तसं होतं, बोटभर वात आत विझून राहिलेली. मामीनं घागरभर पाणी हळूहळू त्यात ओतलं, पुन्हा ओतलं, दारूचा चिखल होईपर्यंत. मग लाकडी पळीनं तो चिखल काढून मडक्यात भरला आणि वर आली. मालक काठावर उभा होता. तिनं त्याच्या हातात चिमूटभर काळा गाळ ठेवला.

त्यानं वास घेतला. मग धोतराला हात पुसून म्हणाला, “मला पहिल्यापासनंच शंका व्हती.”

साहेब आलेच नाहीत. उन्हाचा तडाखा बघून त्यांनी दौरा पुढं ढकलला, असा निरोप त्याच दिवशी आला. “शाना मानूस दिसतोय,” एवढंच मामी बोलली. पाणी लागलं ते सहाव्या दिवशी, गुडघाभर, थोडं तुरट. मालकानं ते गावाला पाजलं, आणि विहिरीत उतरणाऱ्या गड्यांना आपण वेळीच कसं थांबवलं, तेही सगळ्यांना सांगितलं. मामी तिथंच बसून मान डोलवत ऐकत होती.

तिथलं काम संपल्यावर गाढवांवर सामान लादून आम्ही पुढच्या गावाला निघालो. मी मुद्दाम तिच्या बाजूनं चाललो. बरंच अंतर गेल्यावर म्हणालो, “मामी, म्या खोटं बोललो. म्या मोजलंच नव्हतं.”

“ठावं हाय.”

“पर तुमाला पक्कं ठावं व्हतं ना, दोनच वाजले म्हून?”

तिनं पुढच्या गाढवाला हाकललं. “पक्कं कुठलं? धा आने दोन वाटले, सा आने तीन.”

“मग मालकापुढं एवढ्या निवांत कशा बसलात?”

“निवांत? पाय लटलट कापत व्हते, जावईबापू. उभं ऱ्हायला जमंना, म्हून बसले.”

पुढच्या गावी पोचल्यावर तिनं आवाज मोजायचं काम माझ्यावर टाकलं. मेव्हणा कुरकुरला, की याला कशाला, हा तर खोटं मोजतो. मामी म्हणाली, की आता नाही मोजणार. त्यानंतर कितीतरी उन्हाळे मी बांधाआड बसून मोठ्यानं मोजत आलो. शंका आली तर कमीच धरायचो, आणि त्यावरून कैक मालकांच्या शिव्या खाल्ल्या.