चौदाव्या मजल्यावरून राजगड

काय सांगावं तुम्हाला! भोळा माणूस फसला तर लोक हळहळतात. संशयी माणूस फसला की चहा मागवून ऐकतात. तेव्हा मागवा चहा!

शिवऱ्याला हायवेला लागून माझं बांबू, दोर आणि ताडपत्रीचं दुकान. शाळा सातवीपर्यंत, पुढचं सगळं गिऱ्हाइकांनी शिकवलं. पहिला धडा, कुणावर विश्वास ठेवायचा नाही. बांधकामाच्या परांचीला मी बांबू भाड्यानं देतो, पण प्रत्येकाच्या बुडाला निळा पट्टा मारून. हजारात उभा करा, माझा बांबू मी ओळखणार!

आता शहर कात्रजचा घाट उतरून आमच्या अंगणात आलंय. आमच्या लहानपणी या पट्ट्यात उंच म्हणजे पाण्याची टाकी. आता मान मोडेस्तोवर बघावं लागतं. त्यातल्याच एका टॉवरवर माझ्या लेकीचा, सुनंदाचा जीव जडला.

बिचारीनं सहा वर्षं शहरात भाड्याच्या खोलीत काढली. खिडकी उघडली की समोर शेजाऱ्याची मोरी. लहानपणी दारातून राजगड बघितलेली पोर ती! म्हणाली, "आबा, घर लहान चालेल, पण गॅलरीतून गड दिसला पाहिजे."

साइटवर गेलो. टायवाला माणूस म्हणाला, "काका, चौदाव्या मजल्यावरून राजगड अगदी समोर. म्हणून त्या फ्लॅटचे थोडे जास्त."

मी वर बघितलं. पाच स्लॅब झालेले.

"चौदावा कुठंय?"

"होईल ना काका."

"म्हणजे नसलेल्या गॅलरीतनं गड दाखवताय?"

त्यानं फोटो दाखवला. फोटोत काय हो, आमच्या दुकानामागं हिमालयही दाखवतील!

सुनंदा कानात म्हणाली, "आबा, उद्या बाराला दुसरं गिऱ्हाईक येतंय म्हणे."

दुसरं गिऱ्हाईक! अहो, हे वाक्य मी दुकानात रोज वापरतो. माझा संशय दुप्पट झाला.

आणि मग मला ती अक्कल सुचली. साइटवर क्रेन उभी होती, टोक साधारण चौदाव्या मजल्याइतकं. तिथून गड दिसत असेल, तर गडाकडून ते टोक दिसलंच पाहिजे. खरं की नाही? राजगडाच्या उतारावर शेरडं चारणारे आमचे धोंडूमामा आहेत. धनगराची नजर! घारीनं शिकवणी लावावी अशी.

दुसऱ्या दिवशी सकाळी क्रेनच्या टोकाला माझ्याच दुकानातली निळी ताडपत्री बांधायला लावली. टायवाला हसत होता. मी मनात म्हटलं, हस बाबा, आत्ता कळेल. मामांना फोन लावला.

"मामा, हायवेकडं बघा. उंचावर निळं काय दिसतंय का?"

"दिसतंय की! फडफडतंय लई."

"नक्की?"

"म्या कवा खोटं बोललोय व्हय? पर आबा, ह्ये एकलं न्हाई. असले लोखंडी बगळे तीन-चार हुबे हाईत हितं. आन् तुमच्या निळ्याच्या म्होरं बी एक नवा..."

"मामा, निळं दिसतंय ना? बास!" मी फोन ठेवला.

जगात मी एकटाच असेन, ज्यानं न बांधलेल्या गॅलरीची हवेतच परीक्षा घेतली! बाराच्या आत फ्लॅट पक्का केला. सुनंदाच्या डोळ्यांत पाणी. जावई सगळ्यांना सांगत सुटले, "आमच्या सासऱ्यांना कुणी फसवू शकत नाही!"

पुढं त्याच रस्त्यावरून मला परांचीची मोठी ऑर्डर आली. ठेकेदाराला मी उलटसुलट तपासलं. बांबू परत किती येतील, तुटला तर काय, राखणीला कोण! इमारत कुठं आणि किती मजली, एवढंच तेवढं विचारलं नाही. त्याचे टेम्पो येत राहिले, मी भरून देत राहिलो.

किल्ली मिळाली त्या दिवशी आम्ही सगळे पेढे घेऊन चौदाव्या मजल्यावर. मी ऐटीत म्हणालो, "सुनंदा, उघड गॅलरी. घे गडाचं दर्शन!"

तिनं दार सरकवलं.

समोर भिंत! नवी कोरी, आमच्याहून चार मजले उंच, परांचीनं वेढलेली. धोंडूमामांचा तो 'नवा' बगळा मोठा झाला होता हो! राजगड कुठंतरी तिच्या पाठीमागं सुखात असणार. आणि त्या परांचीच्या आडव्या बांबूंची बुडं आमच्याकडं तोंड करून होती. प्रत्येकाला निळा पट्टा!

गिलावा करणाऱ्या गवंड्यानं मला ओळखलं. थापी थांबवून ओरडला, "राम राम शेठ! हितं वर येऊन बांबू मोजताय व्हय? एक बी चोरीला गेला न्हाई बरं का!"

मला गॅलरीत तोंड लपवायलाही जागा नव्हती. जावई पेढ्याच्या पुड्यात बघत उभे. मी कसंबसं म्हटलं, "सुनंदा, माझं चुकलं गं."

ती त्या निळ्या पट्ट्यांकडं बघून एकदम फिसकन हसली.

"असू दे आबा. गड नाही तर नाही, तुमचं दुकान तर रोज दिसेल!"