‘आगाऊ’चं पान आणि अश्विनीचं स्थळ

मी गाव सोडलं त्या दिवशी अण्णांनी कोरेगावच्या स्टँडवर माझी बॅग एसटीत चढवली आणि खिडकीशी न थांबता सरळ रसवंतीकडे गेले. गाडी हलली तेव्हा ते पाठमोरेच होते. आई घरीच राहिली होती. उंबऱ्यातून तिनं एवढंच सांगितलं, “पोटभर खा, नीट ऱ्हा. पण तितं आगाऊपणा करू नगंस.” धाकटी अश्विनी मात्र गाडी वळेपर्यंत हात हलवत राहिली.

तुम्ही जे गावातच राहिलात आणि जे माझ्यासारखे इकडं आलात, दोघांनाही माझ्याबद्दल काहीबाही ऐकू आलं असेल. म्हणून एकदा सांगून टाकते.

नवी मुंबईत, महापेला एका कंपनीत डिझायनर म्हणून लागले. परदेशातल्या बँकेच्या अॅपमधलं बटण निळं असावं की हिरवं, यावर आमच्या मीटिंगा चालायच्या. खारघरला तीन मुलींबरोबर फ्लॅट होता, समोर डोंगर होता, पगार वेळेवर होता, आणि तरी हात शिवशिवायचे. मीटिंगमध्ये मी वहीच्या कडेला बायका काढायचे. नाक शिंकरणाऱ्या, पाय पसरून बसलेल्या, कुणाचंही न ऐकणाऱ्या. शेजारच्या खुर्चीवरच्या रूपालीनं त्या पाहिल्या. रूपाली इथलीच, आगरी. जिथं आता टॉवर आहेत तिथं तिच्या आजोबांची मिठागरं होती. ती म्हणाली, “तू बोलतंस त्यापेक्षा बरा काढतंस. छापू या.”

असं आमचं कॉमिक सुरू झालं. नाव ‘आगाऊ’. पाळी, सासर, ऑफिसातले साहेब, लेडीज टॉयलेटची बंद कडी, सगळं त्यात. दुसऱ्याच अंकाला झेरॉक्सवाल्यानं पानं उलटी करून परत दिली. “मॅडम, इथं फॅमिली लोक येतात.” मग आम्ही जुनं मशीन घेतलं आणि रूपालीच्या घरी पोटमाळ्यावर ठेवलं. दुकानात अंक कधीच ठेवला नाही. हॉस्टेलमधून, पार्लरमधून, या पर्समधून त्या पर्समध्ये तो फिरायचा. मी खोटं नाव लावायचे.

मग ते पान आलं. मुलगी बघायला पाहुणे आलेत, असं ते चित्र. पहिल्या चौकटीत एक काकू तिचे केस बघायला म्हणून काढूनच घेतात, दुसरीत मामा दात, तिसरीत तिला चालायला लावतात आणि पाय ठेवून घेतात. शेवटी पोह्यांचा ट्रे धरलेले दोन हात तेवढे उरतात. हे सगळं मला एकदा करावं लागलं होतं, म्हणून खोलीही आमचीच काढली. टीव्हीवरचा आईनं विणलेला रुमालसुद्धा. कुणीतरी पानाचा फोटो काढला, तो व्हॉट्सअॅपवर फिरत फिरत गावात पोचला आणि गावानं खोली ओळखली.

त्याच महिन्यात अश्विनीची सुपारी फुटायची होती. मुलाकडच्यांचा निरोप आला, असल्या घरातली मुलगी नको.

अण्णांचा फोन आला. “तुला काय काढायचं ते काढ. पण थोडे दिवस इकडं येऊ नकोस.” आवाज चढलेला नव्हता, त्यामुळं जास्त लागलं.

संध्याकाळी अश्विनीचा आला. ती म्हणाली, “ताई, पान खरंय. मला पण चालून दाखवायला लावलं. पण तो बरा होता गं. मला आवडला होता.”

 

मी रूपालीला म्हटलं, बस झालं, बंद करू. तिनं कागदांचा गठ्ठा आपटला. “बंद केलास त तो पोरगा परत येल का? मंग कनाला बंद कराचा?” तिचं पटलं, पण हात चालेना. पाच-सहा महिने मी एक रेघ काढली नाही. नोकरी बदलली, खारघर सोडून कामोठ्याला आले, फर्निचर तीनदा हलवलं. कुठंच बूड टेकत नव्हतं.

पुढच्या वर्षी अश्विनी लॅब टेक्निशियनच्या कोर्ससाठी माझ्याकडे राहायला आली. अण्णांनीच पाठवली, मला एक शब्द न बोलता. एका रविवारी दुपारी भाजी निवडता निवडता ती म्हणाली, “माझं काढ.”

“काय?”

“माझं स्थळ. मी चालताना घाबरले, तेव्हा तो त्याच्या मामाला म्हणाला होता, बसू द्या तिला. ते काढ. आणि मोडल्यावर त्यानं एक फोनसुद्धा केला नाही, ते पण काढ.”

मी काढलं. शेवटच्या चौकटीत ती रडत होती. तिनं रबर माझ्या हातात दिलं. “रडले नव्हते मी. राग आला होता. त्याचा पण आणि तुझा पण.” मी तो राग काढला. खाली तिनं स्वतः आम्हा दोघी बहिणींची खरी नावं लिहिली, आडनावासकट. आम्ही ते तसंच छापलं.

ती आता इथंच एका लॅबमध्ये लागलीय. पुन्हा आमच्या कॉमिकच्या वाटेला गेली नाही. तिला ते फार कडू वाटतं.

तो अंक गावी गेला तेव्हा आईचा फोन आला. मी शिव्या ऐकायच्या तयारीत होते. ती म्हणाली, “वाचलं. तुमाला निदान बघाय तरी आले. माझ्या वेळंला कुनी बघितलं न्हाई, की मला कुनी दावलं न्हाई. हळद लावली आन् धाडलं.” मी काही बोलणार तोच म्हणाली, “ठेवते, दूध उतू जाईल.”

आता मी गावी जाते. अण्णा जेवलीस का विचारतात आणि बातम्यांचा आवाज वाढवतात. दुसऱ्या दिवशी मला कामोठ्याचं चित्रांचं टेबल आठवायला लागतं आणि कामोठ्यात परतले की मन अंगणात. घर कुठं, असं कुणी विचारलं की मी अजून अडखळते. ज्यांच्या रागानं माझी झोप उडते ती माणसं जिथं राहतात, ते माझं घर, एवढं कळलंय. तिथं राहून मला चित्र काढता येत नाही, हेही कळलंय.